चौदाव्या मजल्यावरचं वाळवण



वसंत ऋतू मुंबईत नेमका कधी येतो, हे मला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही. पंचांगाला विचारावं, तर ते चैत्र-वैशाख म्हणतं. पण त्याच पंचांगात वसंतपंचमी माघात छापलेली असते. २०२६ साली ती २३ जानेवारीला आली. म्हणजे ऋतू शिशिर, पंचमी वसंताची आणि आमच्या घरातला पंखा पाचावर! कवींना विचारावं, तर ते आम्रमोहराकडे बोट दाखवतात. आता लालबागमध्ये मोहर पाहायचा कुठे? आमच्याकडे थेट आंबाच येतो, तोही पेटीतून. आणि पहिल्या पेटीचा भाव ऐकून अंगावर जो शहारा येतो, तीच काय ती आमची थंडी.

म्हणून मी माझ्यापुरती एक व्याख्या करून टाकली आहे. ज्या सकाळी आई खिडकीशी उभी राहते, कपाळावर हात आडवा धरते आणि "ऊन लागाय लागलं बघ," म्हणते, त्या सकाळी वसंत आला. साधं वाक्य आहे, पण त्यात माझे पुढचे तीन रविवार गेलेले असतात. कारण ऊन लागाय लागलं याचा अर्थ आमच्या घरात 'गहू भिजत घाला' असा होतो.

आई मूळची कऱ्हाडच्या बाजूची. लग्न होऊन १९६६ साली लालबागला आली, ती सोबत पितळेची दोन पातेली आणि एक लाकडी सोऱ्या घेऊन. पातेली काळाच्या ओघात गेली, सोऱ्या आहे. माझी बायको गिरगावची, मुगभाटातली. त्यामुळे आमच्या घरात वसंत ऋतू दोन दारांनी येतो आणि दोन्ही वसंतांचं आपसात फारसं पटत नाही.

गिरगावचा वसंत नाजूक. चैत्र शुद्ध तृतीयेला देवघरातली अन्नपूर्णा पितळी झोपाळ्यात बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण भोगते. एक दिवस ठरवून हळदीकुंकू. दारात चैत्रांगणाची रांगोळी, भिजवलेले हरभरे, कैरी घातलेली डाळ, वेलची लावलेलं पन्हं, कलिंगडाचं कमळ. या सगळ्यात माझं काम कलिंगड आणणं आणि हळदीकुंकवाच्या वेळी घराबाहेर जाणं, एवढंच. हे दुसरं काम मी दरवर्षी उत्तम करतो, असं बायकोचंही म्हणणं आहे.

लालबागचा वसंत मात्र दणकट. तो नाकातून येतो. होळीच्या आसपास मसाला गल्लीत शिरून बघा. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरी, लवंगी अशा मिरच्यांची पोती उघडलेली, शेजारी धणे, दगडफूल, नागकेशर, बदियान, जायपत्री. आणि डंखाच्या यंत्रात लोखंडी मुसळं एकामागून एक धडाधड आपटताहेत. बाया आपापला डबा घेऊन यंत्रासमोर उभ्या, तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी; पण जागची हलत नाही एकही. यंत्राच्या खळात आपल्या आधीच्या बाईचा मसाला किती राहिला आणि आपला किती राहणार, याचा हिशेब चाललेला असतो. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा आईबरोबर तिथे गेली आणि सतरा शिंका देऊन परतली. आई म्हणाली, "सवय हुईल." झाली. आता सौभाग्यवती मिरच्यांचं देठ मोडून बी मोजल्यासारखं बघते आणि भाव पाडते.

गिरगावला वाळवणाशी काही घेणंदेणं नाही, असं मात्र मी एकदा बोलून बसलो आणि माझी चांगलीच जिरली. "लिज्जत कुठे सुरू झालं, ठाऊक आहे का?" बायकोनं विचारलं. १५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची. सात गुजराती बायका, ऐंशी रुपयांची उसनवारी, आणि पहिल्या दिवशी तयार झाली पापडांची चार पाकिटं. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट निराळीच आहे. पहिल्या वर्षी पावसाळा आला आणि ऊन नाही म्हणून चार महिने पापड बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! म्हणजे सूर्य आला नाही, तर त्याच्या जागी बदली कामगार लावून टाकला. तारीख बघा, १५ मार्च. बरोबर आईच्या 'ऊन लागाय लागलं'चा मुहूर्त.

मुंबईचं मार्चमधलं ऊनही लहरी असतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा वेळेवर सुटला तर शहर निवतं. जमिनीकडचे वारे अडून बसले आणि खारा वारा उशिरा आला, की पारा चढत जातो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती. पण वाळवणाला नुसती उष्णता पुरत नाही, हवा कोरडी लागते. समुद्राची दमट हवा फिरली की काल कडकडीत झालेली कुरडई आज बोटाखाली दबते. आई कुरडईचा एक तुरा मोडून बघते आणि वाऱ्याची दिशा सांगते. वेधशाळेशी तिचं क्वचितच पटतं, आणि बहुतेक वेळा वेधशाळेनं नमतं घेतलेलं आहे.

चाळीत हा सगळा कारभार गच्चीवर चाले. प्रत्येक बिऱ्हाडाची जागा ठरलेली, तिला कागदपत्र नाही, पण मोडायची कुणाची छाती नाही. आमच्या सातारकडच्यांच्या कुरडया आणि सांडगे, मालवणी मावशींचे पोह्यांचे पापड नि आमसुलं, मधल्या पट्ट्यात कुणाच्या साबुदाण्याच्या चकल्या. कडेला शाळेची परीक्षा संपलेली आम्ही पोरं, हातात काठी. पद राखणदाराचं, पगार दोन ओल्या कुरडया. अर्धवट वाळलेली कुरडई, वरून कडक, आतून मऊ, किंचित आंबूस! मंडळी, तिची चव मी तुम्हाला रेडिओवरून सांगू शकत नाही. राखण करायची ती कावळ्यांपासून, असं आम्हाला सांगितलेलं असे. प्रत्यक्षात कावळ्यांपेक्षा राखणदारांनीच जास्त फस्त केलं, आणि नाव कावळ्यांवर गेलं. त्या पक्ष्यावर आधीच अन्याय फार. कोकिळेची पोरंही तोच सांभाळतो.

कोकिळेवरून आठवलं. पूर्वी आम्हाला पहाटे गिरणीचा भोंगा उठवायचा. आता टॉवरच्या खालच्या बागेत साडेचारला कुहूकुहू सुरू होतं. परवा बायको अर्धवट झोपेत म्हणाली, "कोकिळा किती सुंदर गातेय नाही?" मुलगी कॉलेजात जाते, त्यामुळे तिला गप्प राहता येत नाही. ती म्हणाली, "आई, गातो तो नर असतो. मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते." यावर आतून आईचा आवाज आला, "मग गाणारच की! ना घर बांधायचं, ना पोरं बघायची. मोकळा हाय म्हणून गातोय." एवढंच म्हणून ती थांबली. पण बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्या दिवसापासून न्हाणीघरात गुणगुणणं बंद केलं आहे.

तर, चाळ गेली. तिच्या जागी टॉवर झाला आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला गेलो. दहा बाय बाराच्या खोलीतून दोन बेडरूममध्ये. सगळे आनंदात. आई पहिल्या दिवशी प्रत्येक खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "एवढ्या वर आणून बसवलं, आन् ऊन काय खालीच ठिवून आलास व्हय?" खरं होतं. समोर दुसरा टॉवर. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याच्या कडेवरून एक उन्हाची पट्टी आत येते, सोफ्यावरून सरकत टीव्हीपर्यंत जाते आणि पावणेदहाला संपते. पहिल्या वर्षी आईनं त्या पट्टीवर सांडगे वाळवायचा प्रयत्न केला. दर दहा मिनिटांनी ताट पुढे सरकवत ती उन्हामागे घरभर फिरली. दुसऱ्या वर्षी तिनं काहीच केलं नाही. गहू भिजवा म्हणाली नाही. विकतच्या कुरडया आणल्या, तर एक तळून बघितली आणि म्हणाली, "दिसाय बरी हाय." जेवणात तिचं लक्ष नव्हतं. कंबर दुखते म्हणायची, मग झोप लागत नाही म्हणायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. ऐंशीला आलेल्या बाईचं सगळं ठीक निघालं की घरातल्यांना जास्तच काळजी वाटते.

यंदा मात्र होळी झाली आणि ती खिडकीशी गेली. ते वाक्य म्हणाली. मी मुकाट्यानं तीन किलो गहू आणले.

आता ज्यांनी गहू भिजवलेले नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चाळीच्या उघड्या गॅलरीत हा वास वाऱ्यावर जायचा. खिडक्या बंद करून एसी लावलेल्या इमारतीत तो कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्यांनी बेल वाजवली. "तुमच्याकडे ड्रेनेज चोकअप झालंय का?" तिसऱ्या दिवशी प्लंबर आला, त्यानं तीन मजल्यांच्या मोऱ्या तपासल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन थांबला. तो बिचारा नगरकडचा. पातेल्यात डोकावला आणि त्याचा चेहरा उजळला. "कुरडया?" म्हणाला, "आमची म्हातारीपण घालती." आणि खाली जाऊन त्यानं काहीही सापडलं नाही असा अहवाल दिला.

उरला प्रश्न गच्चीचा. तिला कुलूप, आणि कुलपावर पाटी: 'गच्चीवर कपडे व वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, सेक्रेटरी.' सेक्रेटरी म्हणजे कोण? आमच्याच चाळीतला, माझ्याबरोबर काठी घेऊन राखणीला बसणारा बंड्या. आता चष्मा, पोट आणि सोसायटीचा शिक्का. मी गेलो तेव्हा त्यानं मला नियम दाखवले. अग्निसुरक्षा, वॉटरप्रूफिंग, सोलर पॅनेल. सगळं बरोबर होतं. मी परत आलो. आई म्हणाली, "त्येला म्हणावं, काकीनं चीक खायला बोलिवलंय."

चीक म्हणजे गव्हाचं ते निवळलेलं सत्त्व. मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात ओतून, गुठळी होऊ न देता हाटून शिजवायचं. गरमगरम वाटीत, वर दूध-साखर. बंड्या आला. एक वाटी खाल्ली. दुसरी मागितली नाही, नुसती वाटी पुढे सरकवली. आई गच्चीबद्दल एक अक्षर बोलली नाही. जाताना दारात थांबून तोच म्हणाला, "काकी, रविवारी सकाळी वॉचमनकडून चावी घे म्हणावं. पण टाकीच्या मागच्या बाजूला. आणि सोमवारपर्यंत उचलायचं." वसंत ऋतूत माणसं मवाळ होतात म्हणतात. आम्हाला त्यासाठी दोन वाट्या लागल्या.

रविवारी पहाटे चारला उठलो. आईनं स्टुलावर बसून चीक शिजवून घेतला. हाटायला बायको, ओरडायला आई. मग सोऱ्या माझ्या हातात आला, कारण आईच्या मनगटात आता ती ताकद राहिलेली नाही. मंडळी, चीक चटका बसेल इतका गरम असतानाच दाबावा लागतो. निवला की घट्ट होतो, सोऱ्यातून उतरत नाही. तिसऱ्या कुरडईला माझा खांदा गेला. पाचवी कुरडई गोल व्हायच्या ऐवजी गोव्याच्या नकाशासारखी झाली.

"तुझ्या बापाच्या एका दमात तीस व्हायच्या," आई म्हणाली.

मला वाटलं, म्हातारीच्या ऐकण्या-बोलण्यात काही चूक होतेय. आमचे आबा गिरणीत साचेखात्यात होते. घरात पाण्याचा पेलाही त्यांच्या हातात द्यावा लागे. "आबा? आबा कुरडया घालायचे?"

"संपाच्या साली."

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. मी तेव्हा सहावीत. होळीपर्यंत घरातले पगाराचे पैसे संपले होते. गिरणगावात खाणावळी चालवून घरं चालवणाऱ्या बाया आधीपासून होत्याच. प्रेमाताई पुरव यांनी त्यांच्यासाठी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यामागे काय होतं, हे मला कधी कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आईनं त्या मार्चमध्ये कुरडया विकायला सुरुवात केली. गिरगावात, दादरला, घरोघर. हे मला माहीत होतं. सकाळी उठावं, तर सुपं आणि पराती भरून गच्चीवर जायला तयार असत. त्या साली आम्हा राखणदारांचा पगार बंद झाला होता, हेही पक्कं आठवतं. एक तुराही मोडायचा नाही, आई म्हणाली होती. आणि आश्चर्य म्हणजे आम्ही मोडला नव्हता. बंड्यानंसुद्धा नाही.

माहीत नव्हतं ते हे. "तू गॅलरीत झोपल्याला असायचास," आई सांगत होती. "मी तीनला उठून चीक करायची. ते दार लावून घ्यायचे आन् सोऱ्या दाबत बसायचे. उजाडायच्या आत उरकायचं. कुणी बघितलं आसतं तर म्हणालं आसतं, साचेवाला बायकांची कामं करतोय. मी म्हणायची, बास करा आता. तर म्हणायचे, चालू दे, हाताला काम हाय तवर बरं वाटतंय."

आबा जाऊन बावीस वर्षं झाली. संप तर कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही, तो तसाच विरला. आबांना मी त्या काळात पाहिलेलं आठवतं ते संध्याकाळी रेडिओवर कामगारांसाठीचा कार्यक्रम लावून, हात मांडीखाली घेऊन बसलेले. हात मांडीखाली का, हे आता माझा तळवा बघितला तेव्हा कळलं. सोऱ्याच्या दट्ट्यानं मधोमध एक लाल वण उठला होता.

"थांबलास का?" आई म्हणाली. "चीक निवतोय."

मग आम्ही पाळ्या लावल्या. दहा मी, दहा मुलगी. तिच्या माझ्यापेक्षा बऱ्या झाल्या. व्यायामशाळेला महिन्याला भरलेले पैसे प्रथमच सत्कारणी लागलेले मी पाहिले. सगळ्या मिळून एकूण नव्वद झाल्या. लिफ्ट गच्चीच्या एक मजला खालीच थांबते, पुढे जिना. तो आईला चढवत नाही. म्हणून ताटं घेऊन मी वर गेलो आणि मुलीनं घरून व्हिडिओ कॉल लावून दिला. टाकीच्या मागे दोन खाटांएवढी जागा. जुनी नऊवारी अंथरली, कुरडया मांडल्या. आईचा आवाज माझ्या खिशातून येत होता: "आरं अंतर ठिव, एकमेकीला चिकटतील."

मला वाटलं होतं, ती आधी कुरडया बघेल. ती म्हणाली, "फोन जरा वर धर. आभाळाकडं." मी धरला. मग चारी दिशांना फिरवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. पाठीमागून बायको विचारत होती, "आई, चहा देऊ का?" तेही तिनं ऐकलं नसावं. मग म्हणाली, "आपली जागा हितंच होती. थोडी खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. बंड्याही आला होता, सेक्रेटरी या नात्यानं पाहणी करायला. पाठीमागे हात बांधून तो सोलर पॅनेल बघत उभा. टाकीच्या कठड्यावर एक कावळा.

"मोज," आई म्हणाली.

मी मोजल्या. अठ्ठ्याऐंशी.

"कॅमेरा कावळ्याकडं कर." मी केला. तिनं त्याला नीट निरखून पाहिलं. "ह्येच्या चोचीला काय लागल्यालं न्हाय," ती म्हणाली. "आता बंड्याकडं कर."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)